मन सगळ्यात शेवटी आलं

‘व्यायाम कर, मन प्रसन्न राहील’ हे वाक्य मला नैराश्याच्या आजारपणात जेवढं टोचलं तेवढं दुसरं कुठलंच टोचलं नसेल. सांगणारी सगळी माणसं माझ्या भल्याचंच सांगत होती. पण ज्या बाईला सकाळी उठून वेणी घालणं जड जातंय, तिला फिरायला जायची इच्छा आणायची कुठून? इच्छा मरून जाणं हाच तर तिचा आजार असतो. आठ-नऊ महिने त्यातून गेल्यावर आज मला तेच वाक्य खरं वाटतं. फक्त ते घडण्याचा क्रम लोक सांगतात तसा नाही. चालून आलं की मन लगेच हलकं होतं, असं माझ्या बाबतीत झालं नाही. आधी झोप सुधारली, मग चिडचिड ओसरली, मग कामात लक्ष लागायला लागलं आणि मन सगळ्यात शेवटी आलं. हे आधी माहीत असतं तर सुरुवातीचे दोन महिने मी इतकी निराश झाले नसते. कुणीतरी आत्ता त्याच दोन महिन्यांत असेल, तिच्यासाठी किंवा त्याच्यासाठी हे लिहितेय.

मी साताऱ्याला गोडोलीच्या बाजूला राहते, एका सहकारी बँकेत काम करते. वय ४७. गेल्या वर्षी पावसाळ्यात आई गेली. दोन-तीन महिने रडू यायचं, ते साहजिक होतं. मग रडू थांबलं आणि त्याच्या जागी काहीच उरलं नाही. मुलगी पुण्याला शिकते. तिचा फोन आला की मी ‘हं, हं’ करत असायची आणि ठेवल्यावर ती काय म्हणाली ते आठवायचं नाही. पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायची, ती सकाळपर्यंत. बँकेत दिवसअखेर रोकड जुळवताना एकच रकाना पुन:पुन्हा बेरजेला घ्यायची. हातून चूक व्हायची नाही, पण अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागायचा.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व. हे फार बरं केलं. थायरॉईड बिघडलं असेल किंवा बी-१२ उतरलं असेल तरीही माणूस असाच मलूल होतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. माझंही कमी निघालं. इंजेक्शनं झाली, हातापायांची मरगळ थोडी गेली, पण आतलं काही हललं नाही. पाळी पुढेमागे व्हायला लागली होती. त्या वयात मन खाली जायचा धोका वाढतो, हेही त्यांनी समजावलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. यजमान सोबत आले. आमच्या घरात त्या दारात गेलेली मी पहिलीच.

तिथे एक कागद भरायला दिला. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांविषयी. पहिलाच प्रश्न, कामात रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. जगणं नकोसं वाटण्याविषयी शेवटचा प्रश्न असतो, आणि तो त्यांनी कागदावर सोडून न देता तोंडानेही नीट विचारला. माझी बेरीज १४ आली, म्हणजे मध्यम तीव्रतेचं नैराश्य. नाव मिळालं तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं झालं. मी आळशी नव्हते, आजारी होते.

चिठ्ठीवर त्या तज्ज्ञ मॅडमनी दोन गोष्टी लिहिल्या. सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी. त्याखाली, तशाच अक्षरात: ‘चालणे, १० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस.’ मी म्हटलं, “मॅडम, मला इच्छाच होत नाही.” त्या म्हणाल्या, “इच्छेची वाट बघायचीच नाही. गोळी घ्यायची इच्छा होते का? तरी घेणार ना? हे तसंच.” मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. एरवी आपल्याला आधी वाटतं आणि मग आपण करतो. नैराश्यात ही वाट बंद पडते, म्हणून उलट्या टोकाने शिरायचं. आधी करायचं, वाटणं मागून येतं. मानसोपचारात ही रीतसर उपचारपद्धत आहे, नुसती समजूत नाही.

त्यांच्याकडे समुपदेशन करणाऱ्या ताईंनी मला एक वही घालायला सांगितली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम त्या वहीने केलं. रात्री झोपताना लिहायचं: उद्या चालून आल्यावर मला दहापैकी किती बरं वाटेल? सकाळी आल्यावर लिहायचं: प्रत्यक्षात किती वाटलं? मी जन्मभर आकडे जुळवत आले, त्यामुळे हे जमलं. रात्रीचा आकडा बहुतेक एक किंवा दोन असायचा. सकाळचा तीन, कधी चार. फार मोठा फरक नाही, पण रोज त्याच बाजूला. काही आठवडे गेल्यावर पानं चाळली तेव्हा लख्ख दिसलं की माझा अंदाज रोज चुकतोय आणि रोज एकाच दिशेने चुकतोय. निरोगी माणसंसुद्धा व्यायामाआधी त्याच्या आनंदाचा अंदाज कमीच करतात, कारण डोळ्यांसमोर सुरुवातीची नकोशी मिनिटंच असतात, असं ताईंनी सांगितलं. नैराश्यात तर तो अंदाज आणखी खाली जातो. तेव्हापासून ‘आज जाऊन काय होणार’ असं मनात आलं की मी त्याला माझं मत मानत नाही, रात्रीचा आकडा मानते.

सुरुवात घराजवळच्या सपाट रस्त्याने झाली. दहा मिनिटं म्हणजे पाच मिनिटं जायचं आणि वळायचं. फेब्रुवारीतली थंडी, कानाला स्कार्फ, पायात मुलीचे जुने बूट. ते पहिले आठवडे अजिबात बरे नव्हते. पोटऱ्या दुखायच्या. ओळखीचं कुणी दिसलं की मी रस्ता बदलायची, कारण “काय वहिनी, बऱ्याच दिवसांनी!” याला उत्तर द्यायची ताकद नव्हती. एकदोनदा चालता चालता डोळे भरून आले, काही कारण नसताना. यजमान न बोलता बरोबर चालायचे. डबा करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, कारण सकाळची ती वेळ मला मोकळी करून दिल्याशिवाय हे होणार नाही, हे त्यांना दिसलं. घरातल्या बाईला व्यायाम सांगायचा असेल तर आधी तिच्या सकाळच्या कामांची वाटणी करा, असं मला मनापासून सांगावंसं वाटतं. उपदेशाने तिला अर्धा तास मिळत नाही. कणीक दुसऱ्या कुणी मळली तर मिळतो.

पहिल्यांदा झोपेत फरक पडला. तीनची जाग साडेचारवर गेली, मग पाचवर. व्यायामाने गाढ झोपेचा वाटा वाढतो आणि सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीरातलं घड्याळ पुन्हा जागेवर येतं, असं मॅडम म्हणाल्या. गोळीचाही वाटा असणारच. दोन्ही एकदम सुरू होतं, त्यामुळे कशाने किती हे मी सांगू शकत नाही आणि सांगायचं कारणही नाही. झोप आली, हे महत्त्वाचं.

पुढच्या भेटीत चालण्याचा डोस वाढला: २० मिनिटं, मग ३०. वेगाची खूणही दिली. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ते १५० म्हणजे हेच, अर्धा तास आणि पाच दिवस. मी अजिंक्यतारा किल्ल्याच्या टेकडीच्या रस्त्याला लागले. साताऱ्यात पहाटे त्या चढावर माणसांची रीघ असते: पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, हाफ मॅरेथॉनवाले, काठी टेकत जाणारे निवृत्त मास्तर. वाटेतल्या ‘चार भिंती’ नावाच्या जागेपर्यंत जाऊन मी परतायची. किल्ल्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत जायला बरेच आठवडे लागले, आणि त्याची मला घाईही नव्हती.

तेवढ्यात मार्च एन्ड आला. बँकेतल्या माणसांना सांगायला नको. रात्री उशिरा घरी, सकाळी लवकर हजर. चालणं बंद पडल्यासारखंच झालं आणि आठवड्याभरात झोप पुन्हा विस्कटली. मी घाबरून फोन केला. मॅडमनी एकच सांगितलं, शून्य होऊ देऊ नका. जेवण झाल्यावर बँकेच्या आवारात दहा मिनिटं चाला, तेवढं पुरे. नंतर मी नॉर्वेतल्या एका मोठ्या पाहणीविषयी वाचलं. जवळपास ३४ हजार प्रौढांना ११ वर्षं पाहून २०१८ साली ती प्रसिद्ध झाली होती. आठवड्यातून एक तास व्यायाम, तोही कुठल्याही वेगाचा, एवढ्यावरही पुढे नैराश्य येण्याचं प्रमाण कमी दिसलं. सगळ्यांनीच तेवढा केला असता तर ज्यांना पुढे नैराश्य आलं त्यांच्यापैकी सुमारे १२ टक्के लोकांचं ते टळलं असतं, असा त्यांचा हिशेब होता. थोड्याला इतकं मोल असतं हे तेव्हा मला पटलं, कारण त्या दहा-दहा मिनिटांनी मला एप्रिलपर्यंत तगवलं.

झोपेनंतर चिडचिड गेली, आणि ती माझ्याआधी इतरांच्या लक्षात आली. काउंटरवर पासबुक भरायला येणाऱ्या एक आजी शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाल्या, “मॅडम आता सावकाश सांगतात हो.” मला स्वतःला आत काहीच वेगळं वाटत नव्हतं. हा टप्पा फसवा असतो. बाहेरच्यांना तुम्ही सुधारलेल्या दिसता, आणि तुमच्या आत अजून पोकळीच असते. बरीच माणसं इथेच ‘एवढं करूनही काही होत नाही’ म्हणून सोडून देत असतील. मला वहीने धरून ठेवलं.

त्याच सुमाराला लक्ष परतलं. चालून आलेल्या दिवशी सकाळची नोंदणी झरझर व्हायची, रकाना एकदाच बेरजेला घ्यावा लागायचा. मला याचं फार कुतूहल वाटलं, आणि कुतूहल वाटलं हेच नवीन होतं. मग मी वाचायला लागले. फिजिओथेरपी शिकलेली माझी पुतणी आहे, ती समजावून द्यायची.

व्यायामाने एंडॉर्फिन सुटतात आणि म्हणून छान वाटतं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पुतणी म्हणाली, “काकू, ते इतकं सरळ नाही.” रक्तातले एंडॉर्फिन रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सहज ओलांडत नाहीत. धावल्यावर येणाऱ्या त्या हलकेपणामागे शरीरात तयार होणारे एंडोकॅनाबिनॉइड नावाचे दुसरे पदार्थ असावेत, असं आता जास्त मानलं जातं, आणि ते पडदा ओलांडू शकतात. पण हा झाला तासाभराचा परिणाम. महिनोन्‌महिने टिकणारा बदल वेगळ्या वाटेने होतो. मेंदूत बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं. ते पेशींना जगायला आणि एकमेकींशी नवे जोड बांधायला मदत करतं, आणि व्यायामाने ते वाढतं. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला त्याचा विशेष फायदा होतो. दीर्घ नैराश्यात हाच भाग थोडा आक्रसलेला आढळतो.

मला सगळ्यात भावला तो स्नायूंचा धागा. स्वीडनमधल्या कारोलिन्स्का संस्थेत २०१४ साली उंदरांवर काम झालं. ताणात शरीरात कायन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो आणि मेंदूत जाऊन तो अपाय करतो. व्यायामाने कमावलेला स्नायू त्याचं रूपांतर अशा पदार्थात करतो, जो मेंदूत शिरूच शकत नाही. म्हणजे मी चढ चढते तेव्हा माझ्या मांड्या माझ्या मेंदूसाठी रक्त गाळत असतात. उंदरांतलं सगळं माणसांत जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मान्य. तरी पाय भरून आले की मला ते आठवायचं आणि दुखणं सोसायचं.

गोळी की व्यायाम, हा प्रश्न मलाही पडला होता. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला व्यायाम, एकाला सर्ट्रालिन हे औषध, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. औषधाचा परिणाम सुरुवातीला लवकर दिसला, एवढाच फरक. वाचून मला हुरूप आला, पण माझी खात्री सांगते: याचा अर्थ गोळ्या फेकून द्या असा होत नाही. व्यायामाच्या अभ्यासाला तीच माणसं येतात ज्यांना निदान घराबाहेर पडणं शक्य आहे. शिवाय आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्याला ठाऊकच असतं, खोट्या गोळीसारखा खोटा व्यायाम देता येत नाही, त्यामुळे निकाल थोडा फुगत असणार. टेकडीवर मला एकांनी ठासून सांगितलं होतं, “रोज चढा, गोळ्या बंद करा.” मी त्यांचं ऐकलं नाही. माझ्या बाबतीत गोळीने मला दारापर्यंत आणलं आणि पुढचं चालण्याने केलं. गोळी अचानक बंद केली तर चक्कर, बेचैनी असे त्रास होऊ शकतात, आणि बरं वाटायला लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवायची असते. आणि ज्याला जगणंच नकोसं वाटतंय त्याला बूट घालायला सांगू नये, त्याच्यासोबत बसावं, डॉक्टरांकडे न्यावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मन कधी आलं, ते मला नेमकं सांगता येतं. मे महिन्याच्या शेवटी मंडईत कैऱ्या पाहून मी थांबले. करकरीत, लोणच्याच्या. एक चाखून बघितली आणि भाव करून तीन किलो घेतल्या. घरी येऊन मोहरीची डाळ, मेथ्या, हिंग काढायला लागले तेव्हा यजमान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. गेल्या वर्षी मी लोणचं घातलंच नव्हतं. आईची पद्धत बहिणीला फोन करून विचारली, आईबद्दल दोघी तासभर बोललो, रडलो, आणि फोन ठेवल्यावर मला भूक लागली होती. त्या कागदावरच्या पहिल्या प्रश्नातला ‘रस’ म्हणजे हाच. जूनमध्ये पुन्हा कागद भरला, तेव्हा बेरीज ६ आली. मुलगी आता फोनवर म्हणते, “आई, किती प्रश्न विचारतेस!”

मग साताऱ्याचा पाऊस. टेकडीची वाट निसरडी झाली, धुक्यात दहा पावलांपुढचं दिसेना. मला मार्चची आठवण होती, म्हणून मी आधीच ठरवलं, घरात सूर्यनमस्कार. आमचे आजोबा औंधच्या शाळेत शिकलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते, आणि आजोबा म्हातारपणीही ते घालायचे. त्यांना पाहून लहानपणी शिकलेलं अंगात कुठेतरी होतंच. पुतणीने त्यात भर घातली: हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, आणि भरलेल्या बाटल्या घेऊन दंडांचे व्यायाम. ताकदीच्या व्यायामानेही नैराश्याची लक्षणं कमी होतात. २०१८ साली ३३ अभ्यास एकत्र तपासून तसं दिसलं, आणि विशेष म्हणजे ताकद किती वाढली यावर ते अवलंबून नव्हतं. ज्यांचे गुडघे चढ उतरताना कुरकुरतात त्यांना ही चांगली सोय आहे. माझा स्वतःचा अनुभव मात्र असा की घरात मनाचा आकडा टेकडीइतका चढत नाही. मोकळी हवा, झाडी आणि ‘आज उशीर झाला का?’ असं विचारणारी माणसं यांचाही त्यात हिस्सा असावा.

या सगळ्यात सासूबाई आल्या. त्या ७६ वर्षांच्या. नावं विसरतात, गॅस बंद केला का हे पुन:पुन्हा विचारतात. मी त्यांना डॉक्टरांना दाखवलं. वयाप्रमाणे आहे, लक्ष ठेवा आणि हालचाल वाढवा, असा सल्ला मिळाला. २०११ साली १२० वृद्धांवर केलेल्या एका प्रयोगात वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, आणि नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा कमी झाला. त्या वयात तो आपोआप घटतच असतो, म्हणून हा निकाल मला इतका मोठा वाटतो. आता संध्याकाळी मी त्यांना घेऊन गल्लीत फेऱ्या घालते. स्मृती सुधारली असं मी म्हणणार नाही. पण रात्री त्या शांत झोपतात, आणि गल्लीतल्या कुणाकडे काय चाललंय हे मला त्यांच्याकडून कळतं.

सप्टेंबरच्या भेटीत माझी बेरीज ३ होती. गोळीचा डोस कमी करायचा की नाही ते दिवाळीनंतर ठरेल, आणि ते मॅडम ठरवतील. पाऊस उघडल्यापासून मी पुन्हा टेकडीवर जाते. आमच्या बँकेतली एक मुलगी गेल्या महिन्यापासून बरोबर येते. तिला झोप येत नाही, कशात मन लागत नाही. डॉक्टरांकडे ती जाऊन आली आहे. तिला मी वही आणून दिली, रात्रीचा आणि सकाळचा रकाना आखून दिला. परवा ती म्हणाली, “ताई, मला अजून काहीच वाटत नाही.” मी तिला विचारलं, झोप किती वाजेपर्यंत लागते? म्हणाली, साडेचार. आधी तीन होते.